निंबाभाऊंचा अबोला

माझे दीर निंबाभाऊ यांनी आपल्या लेकीला कधी बोटसुद्धा लावलं नाही. हे मी दहा वर्षं गावभर सांगत फिरले, माहेरी सांगितलं, आणि नवऱ्याला तर उठता-बसता ऐकवलं. आता कुणी त्यांचं तसं कौतुक करायला लागलं की मी काहीतरी काम काढून आत जाते.

आमचं गाव बुऱ्हाणपूरपासून अर्ध्या तासावर, तापीच्या अंगाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी. दोघा भावांचं घर एकच होतं. वाटण्या झाल्या तेव्हा अंगणात छातीइतकी भिंत घातली. अलीकडे मी, माझा नवरा उखर्डू आणि पंधरा वर्षांचा विपुल. पलीकडे निंबाभाऊ, त्यांची बायको कोकिळा आणि बारा वर्षांची तृप्ती. भिंत म्हणायची तेवढीच. इकडे फोडणी दिली की तिकडे शिंक येते.

माझ्या सासूबाईंची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरा झाला तेव्हा त्याला उकिरड्यावर ठेवून उचलून आणला आणि नाव ठेवलं उखर्डू, म्हणजे दृष्ट लागायला नको. एवढ्या सायासानं आलेल्या पोराला मारणार कोण? पण सासरे धोंडूबाबा हाताचे फार जड. मोठ्याच्या वाटणीचा मारसुद्धा धाकट्या निंबाच्या पाठीवर पडायचा. केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा दोर पाण्यात भिजवून मारायचे म्हणतात. निंबाभाऊंच्या कानामागं अजून वळ आहे, केस कापले की दिसतो. सोळाव्या वर्षी त्यांनी आईसमोर शपथ घेतली की मला लेकरं झाली तर मी त्यांना हात लावणार नाही. ती शपथ त्यांनी पाळली, त्याची मी साक्षीदार आहे.

ज्यानं कधी खाल्ला नाही त्याला मार काय असतो ते कुठून कळणार? माझा नवरा विपुलला हाताला येईल त्यानं हाणतो, आणि तासाभरानं बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातून मावा जिलेबी घेऊन येतो. मोबाईल बघतो म्हणून आज थप्पड, आणि उद्या स्वतःच 'घे, बघ' म्हणून मोबाईल हातात. मी दिवसभर ओरडते. माझ्या ओरडण्याकडे विपुल पंख्याच्या आवाजाइतकंसुद्धा लक्ष देत नाही. आमच्या घरात कशाला ताळतंत्र नाही, हे माझं जुनं दुखणं.

आणि भिंतीपलीकडे? तिथं आवाजच नाही. तृप्ती काही चुकली की निंबाभाऊ तिच्याशी बोलणं बंद करायचे. एक दिवस, दोन दिवस, कधी चार दिवस. घरातलं कुणीही तिच्याशी बोलायचं नाही, तिनं कुणाशी बोलायचं नाही. मानेनं हो-नाही केलं तरी ते बोलणंच धरत. 'पाणी आण' म्हणाले तर पाणी आणायचं, पण तो हुकूम. त्याला उत्तर द्यायचं नाही. मग एखाद्या जेवणाला ते आपल्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडून तिच्या ताटात ठेवायचे. तुकडा पडला की अबोला सुटला. तुकड्याआधी शब्द निघाला तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

पोरगी अशी वळणाची की पाहत राहावं. चपला जागेवर, दप्तर जागेवर, मोठ्यांसमोर आवाज नाही. शाळेच्या पालकसभेत बाईंनी निंबाभाऊंना उभं करून सांगितलं, न मारता शिस्त कशी लावावी ते यांच्याकडून शिका. निंबाभाऊ लाजून खाली बसले. मी घरी येऊन नवऱ्याला तासभर सुनावलं. विपुल कोपऱ्यात जेवत होता. तो म्हणाला, "मम्मी, मले काकांच्या घरी नको टाकू. पप्पा मारतात तेच बरं आहे, लवकर खतम तर होतं."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, हे चौदा वर्षांच्या पोराला कळलं होतं. मी मात्र त्याला म्हटलं, गप जेव.

एकदा, दोन वर्षांपूर्वी, अबोल्याच्या दुसऱ्या दिवशी तृप्ती भिंतीशी उभी होती. मला राहवलं नाही. "काय ग माय, जेवली का?" एवढंच विचारलं. ती "हो मोठी आई" म्हणाली, आणि ते निंबाभाऊंनी ऐकलं. अबोला आणखी तीन दिवस वाढला. संध्याकाळी ते भिंतीशी आले, अगदी शांतपणे म्हणाले, "वहिनी, तुम्ही तुमच्या लेकराला मारा, काटा, मी मधे येतो का? माझ्या लेकराच्या मधे तुम्ही नका येऊ." त्या दिवसापासून तिचा अबोला असला की मी भिंतीकडे बघायचंच सोडून दिलं.

मागच्या वर्षी पोळा होऊन आठ दिवस झाले असतील. तृप्तीला गणितात पंचवीसपैकी नऊ मार्क पडले. पेपरवर वडिलांची सही लागते. तिनं ती स्वतःच ठोकली, आणि पकडली गेली. अबोल्याचा तिसरा दिवस चालू होता.

सकाळचे सहा वाजले होते. मी ओसरीवर विपुलच्या अंगावरचं पांघरूण ओढत ओरडत होते. पलीकडे बंब पेटवायचा होता. मागच्या भिंतीशी गेल्या सालच्या पऱ्हाट्यांचा ढीग आहे, कापूस काढून झाला की उरतात त्या काड्या. त्या आणायचं काम तृप्तीचं. मी पाहिलं, ती काड्यांची कवळी घेऊन आली, आणि मधेच तिनं ती खाली टाकली. एक पाय उचलून दुसऱ्या पोटरीवर घासला. मग वडिलांकडे गेली.

निंबाभाऊ दगडावर बसून मंजन लावत होते. ती त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. बराच वेळ उभी होती. तोंड उघडायची आणि मिटायची. निंबाभाऊंनी चूळ भरली, तोंड पुसलं, आणि वाटेत खाट असावी तसे तिला वळसा घालून आत गेले.

मग तिनं भिंतीवरून माझ्याकडे पाहिलं.

मी मान खाली घातली आणि विपुलवर आणखी मोठ्यानं ओरडले. मला वाटलं, माफीसाठी उभी आहे. शिस्त असावी तर अशी, असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू, आलं.

साडेसातला मुलं शाळेच्या गाडीसाठी फाट्यावर जातात. विपुल धावत परत आला. "मम्मी, तृप्तीले बघ लवकर. तिच्या आँख्या बंद होऊ राहिल्या. उलटी झाली. मी आवाज देऊ राहिलो तर बोलूच नाही राहिली."

मी अनवाणी पळाले. तृप्ती फाट्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसली होती, पोट धरून. पापण्या अर्ध्यावर आलेल्या. मला बघायला तिनं मान मागं टाकली आणि पापण्यांच्या खालच्या फटीतून पाहिलं. अशी मान टाकलेलं लेकरू मी आजवर पाहिलं नव्हतं. "काय झालं ग? कुठं दुखतं?" तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. तोवर कोकिळा आली. तिनं विचारलं, तर तिलाही उत्तर नाही. पोरीच्या कपाळाला ताप नव्हता, अंगावर कुठं सूज नव्हती, काही नव्हतं, आणि तेच जास्त भेसूर होतं.

नवरा केळीचे घड भरून पिकअप घेऊन निघालाच होता. घड उतरवायला वेळ कुठला? कोकिळा आणि मी पोरीला मांडीवर घेऊन पुढं बसलो. निंबाभाऊ मळ्यात होते, कटाई चालू होती. मळा रस्त्यालाच लागून आहे. नवऱ्यानं हॉर्नवर हात दाबूनच ठेवला. ते धावत आले, आम्हाला पाहिलं, आणि काही न विचारता मागं घडांवर चढले.

तो अर्धा तास मला अजून झोपेत दिसतो. तृप्तीचं डोकं माझ्या दंडावर होतं. तिच्या तोंडातून लाळ गळत होती, गिळता येत नव्हती. मी पदरानं पुसत होते. आणि मला आठवलं की त्यांच्या शेडमध्ये केळीवर फवारायच्या औषधाची बाटली असते. तीन दिवस झाले, कुणी बोललेलं नाही. अकरा वर्षांची पोरगी. मी कोकिळाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. दोघींच्या मनात एकच आलं होतं आणि दोघींपैकी एकीनंही ते तोंडातून काढलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, पण हात भराभर चालत होते त्याचे. त्यानं तृप्तीचं तोंड हुंगलं, डोळ्यांत बॅटरी टाकली, पाय-हात उलटेपालटे करून पाहिले. मग विचारलं, "घर में डाँट-वाँट पड़ी थी? खेत की दवाई तो नहीं पी ली?"

"नाही साहेब," निंबाभाऊ म्हणाले. "मी हात नाही लावत लेकराला. कधीच नाही."

"हाथ का नहीं पूछा मैंने."

निंबाभाऊंचा शर्ट केळीच्या चिकानं माखला होता. त्यांनी तो खाली ओढला.

डॉक्टर आमच्याकडे वळला. तो मराठी बोलायचा, घाईत हिंदीवर जायचा. "वास तर नाही दवाईचा. साप पण असू शकतो. एक साप असा आहे, निशान ही नहीं मिलता. पण दोन्हींचा इलाज अलग आहे. पोरीला बोलती करा, पटकन. थोड्या वेळानं तिला बोलताच येणार नाही."

निंबाभाऊ वाकले. "तृप्ती, सांग बेटा. काय झालं?"

तिनं मान मागं टाकून त्या फटीतून त्यांच्याकडे पाहिलं. ओठ मिटलेलेच.

"काही खाल्लं का? काही चावलं का?"

काही नाही. मान नाही, बोट नाही. डोळ्यांतून मात्र पाणी येऊन कानाकडे गेलं.

"बोल," निंबाभाऊ ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि पोरगी खाटेवर अशी आक्रसली की मला वाटलं आता हिचा श्वासच बंद पडतो. नर्सनं त्यांना बाजूला लोटलं. डॉक्टरनं घड्याळ पाहिलं. मला समजत नव्हतं, शुद्धीत आहे, ऐकू येतंय, मग बोलत का नाही? दुखणं आहे की हट्ट आहे? माझाच हात उठला होता, तिला गदागदा हलवायला.

तेव्हा कोकिळा बोलली. लग्नाला तेरा वर्षं झाली, नवऱ्याला काही करायला सांगितलेलं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "अहो, तिले तुकडा द्या."

निंबाभाऊंना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. ते खिसे चाचपायला लागले, जसं काही खिशात भाकरी असणार होती. शेजारच्या खाटेवर एक बाई चहात टोस्ट बुडवून खात होती. त्यांनी तिच्यापुढं हात पसरला. तिनं काही न विचारता पुडा पुढं केला. निंबाभाऊंनी टोस्ट मोडला, त्याचा चुरा त्यांच्या चिकट बोटांना लागला.

"मुँह में कुछ नहीं देना," डॉक्टर ओरडला. "गिळता येत नाही तिला."

मग त्यांनी तो तुकडा तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं त्यावर मिटली.

तृप्तीनं मूठ धरली. तोंड उघडलं. जीभ जड झाली होती, एक-एक शब्द ओढून काढत होती.

"अप्पा... सही... परत... नाही करणार."

डॉक्टर खाटेवर ओणवा झाला होता. पोरीकडे उरलेला श्वास तिनं आधी माफीत घातला. मी तोंडात पदर कोंबला.

"नाही बेटा, नाही. काय चावलं ते सांग."

"काड्यांत... साप. काळा. पट्टे... पायाला. सकाळी."

"सकाळी कधी?"

"तुम्ही... मंजन... करत होते."

"मण्यार," डॉक्टर म्हणाला आणि धावला. पुढं सगळं भराभर झालं. सुया, बाटल्या, आणि तासाभरात मशीनची नळी तिच्या घशात. पापण्या पूर्ण मिटल्या, हात-पाय पडून राहिले. निर्जीवच म्हणावं असं ते अंग. मी रडायला लागले तर डॉक्टरनं मला झापलं. "रोना बाहर. तिला सगळं ऐकू येतं. हे विष असंच असतं, आदमी अंदर से जागता है. बाप को बोलो, बात करते रहे उससे."

आता बघा, कुणाला सांगितलं हे, तर निंबाभाऊंना.

ते स्टुलावर बसले. पहिली पाच मिनिटं नुसते ओठ हलत होते. बोलणं बंद करायची त्यांना सवय. सुरू करायचं कसं? शेवटी त्यांनी मळ्यापासून सुरुवात केली. पहिल्या ओळीत किती खोडं, कोणत्या खोडाला घड मोठा, ठिबकची कोणती नळी उंदरांनी कुरतडली. मळा संपला तेव्हा गाव घेतलं. गाव संपलं तेव्हा आपलं लहानपण घेतलं. सोपटाचा दोर, धोंडूबाबा, कानामागचा वळ. मी दारातून ऐकलं. ते म्हणत होते, "मारून झालं की आमचे बाबा मला घेऊन जेवायला बसायचे ग. मले तेवढंच चांगलं वाटायचं. तुकडा द्यायचे ताटातला. मी तेवढंच ठेवलं त्यांचं. मले वाटलं मार काढून टाकला म्हणजे झालं."

दोन दिवस ते बोलत होते. आवाज बसला तरी बोलत होते. तिसऱ्या दिवशी पोरीची करंगळी हलली. पाचव्या दिवशी नळी निघाली. माझा नवरा राजघाटावर जाऊन तापीत नारळ सोडून आला, आणि येताना सगळ्या वॉर्डाला जिलेबी घेऊन आला. त्याला दुसरं सुचत नाही.

मी आता कुणाला शहाणपण शिकवत नाही. विपुलला विचारलं, तुला साप चावला असता तर काय केलं असतंस? तो म्हणाला, "मी तर पूरा गाव जमा केला असता." मला बरं वाटलं. मग तो म्हणाला, "पण गणितात नऊ पडले असते ना मम्मी, तर तुम्हांले कधीच नसतं सांगितलं." भीती दोन्ही घरांत आहे. आमच्याकडे ती भांडी आपटते, एवढाच फरक. त्या दिवसापासून नवऱ्यानं हात उचलला की मी मधे उभी राहते. कधी कधी मलाही एखादी बसते, मग मीही त्याला सोडत नाही.

निंबाभाऊंनी अबोला सोडला. पऱ्हाट्यांचा ढीग त्यांनी त्याच आठवड्यात पेटवून टाकला. पोरीनं काही केलं की आता ते रागावतात, चांगले मोठ्यानं रागावतात. ते रागावले की मला भिंतीअलीकडे हायसं वाटतं. आणि तिकडे फार वेळ शांतता असली की मी उगाच विचारते, "कोकिळा, कढीपत्ता आहे का ग?" माझ्या दारात कढीपत्त्याचं झाड आहे, हे तिलाही माहीत आहे.

परवाची गोष्ट. संध्याकाळी निंबाभाऊ ओट्यावर गप्प बसले होते, गाल धरून. तृप्ती शाळेतून आली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि दप्तर जागेवर ठेवलं. मला भिंतीवरून दिसत होतं. ती आत गेली, एक भाकरी आणि एक रिकामं ताट घेऊन आली. भाकरी त्यांच्यापुढं ठेवली, ताट आपल्यापुढं. आणि मांडी घालून, हात मांडीवर ठेवून बसली.

निंबाभाऊ दचकले. "अगं, माझी दाढ दुखू राहिली, तृप्ती. तू काही नाही केलं. दाढ दुखते नुसती."

ती हलली नाही. ताटाकडे पाहत राहिली.

मग निंबाभाऊंनी भाकरी मोडली, तुकडा तिच्या ताटात ठेवला.

तेव्हा तिनं मान वर केली आणि विचारलं, "अप्पा, दाढ दुखते का?"